किसनण्णांचे लाल ठिपके

माझं लग्न झालं त्या दिवशी वार कोणता होता, हे मला बारा वर्षं ठामपणे माहीत होतं. गुरुवार. मग आम्ही म्हैसूरला आलो, सरस्वतीपुरममध्ये किसनण्णांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, आणि सामान चढवताना एका खोक्यातून आमची लग्नपत्रिका नेमकी जिन्यात पडली.

किसनण्णा खालच्या पायरीशी उभे होते. अंगात पांढरा फुलशर्ट, खाली पंचा, कपाळावर चढवलेला चष्मा. नव्या भाडेकरूंची ओळख वगैरे व्हायची होती अजून. त्यांनी पत्रिका उचलली, चष्मा नाकावर घेतला, शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं आणि मला काही कळायच्या आत 'गुरुवार' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"ही तारीख बुधवारी येते," ते म्हणाले. "गुरुवार कसा काय छापला तुम्ही लोकांनी? अय्यो! मग लग्न कधी झालं म्हणायचं? तारखेला की वाराला?"

मी साताऱ्याची. माझ्या लग्नपत्रिकेवर कुणी परका माणूस रेघ मारतो म्हणजे काय! मी फणकाऱ्यानं मोबाइल काढला आणि त्या वर्षाचं कॅलेंडर उघडलं. बुधवार निघाला. माझा नवरा सुधीर खोकं खाली ठेवून पोट धरून हसत सुटला. त्या दिवसापासून त्याला लग्नाचा वाढदिवस विसरायचं एक कायमचं निमित्त मिळालं.

किसनण्णांना कुठल्याही तारखेचा वार तोंडपाठ असायचा. पाठ म्हणजे काय, ते डोळे मिटायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे आणि सांगायचे. शेजारपाजारच्या बायका आपापल्या जन्मतारखा घेऊन त्यांच्याकडे यायच्या. मी सहा वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिले, पण त्यांचा वार चुकलेला मी एकदाच ऐकला. ते शेवटी सांगते.

हे घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजोबा कापडावर ठसे उमटवायचे. किसनण्णांचा जुन्या गावात लहानसा छापखाना होता आणि त्यात मुख्य काम लग्नपत्रिकांचं. किती पिढ्यांपूर्वी ही माणसं म्हैसूरला आली ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण घरात मराठीच. म्हणजे ते मराठी म्हणायचे. "वीणम्मा, सुम्ने बसू नको ग, वर ऊन आहे, कापडं वाळत घाल" ही माझ्याशी बोलायची त्यांची मराठी. सुम्ने म्हणजे उगीच, हे मला दोन दिवसांनी कळलं. आणि असं बोलणारा हा माणूस माझ्या मराठीत चुका काढायचा.

माझ्याच कशाला, कोणाच्याही काढायचा. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा भटजींनी संकल्पात तिथी चुकवली आणि किसनण्णांनी पाटावरून हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. भटजी थांबले, बोटं मोजली, तिथी बदलली आणि संपूर्ण पूजाभर त्यांच्याकडे रागानं बघत राहिले. प्रसाद देताना त्यांना मुद्दाम अर्धाच चमचा दिला. किसनण्णांनी तोही लक्षात आणून दिला.

त्या लाल पेनाची एकच गोष्ट ते अभिमानानं सांगायचे, आणि ती चूक काढल्याची नव्हती. छापखान्यात मजकूर तपासताना एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर तो पुन्हा लिहीत बसत नाहीत. त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ देतात. ठिपके म्हणजे, हे आहे तसंच राहू दे, हात लावू नको.

"आयुष्यात एकदाच दिले ठिपके," ते म्हणायचे. "एक जण मुलाच्या लग्नाचा मजकूर घेऊन आला. खाली निमंत्रक म्हणून आईचं नाव. मी म्हटलं, अरे, म्हातारी जाऊन महिना झाला, मीच तेराव्याचं कार्ड छापलं. आणि मारली रेघ. तर तो दारात उभा राहून रडायला लागला, अय्यो! म्हणे, अण्णा, तिनंच ठरवलंय हे लग्न. मग दिले ठिपके. छापलं तसंच."

एवढं सांगून ते पेन खिशात ठेवायचे आणि लगेच आपण काहीतरी चुकीचं सांगितलं असल्यासारखं पुटपुटायचे, "महिना नव्हे. पाच आठवडे."

आता पद्मक्का. किसनण्णांची बायको. बोलण्यात ह्या बाईचा हात कुणी धरला नसता. संध्याकाळी फाटकाशी उभी राहिली की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा, स्कूटरवाले स्कूटर बंद करायचे. तिची हुकमी गोष्ट म्हणजे टी. नरसीपूरची. सगळं बायकामंडळ संगमावर स्नानाला गेलं, नणंदेची चप्पल कावेरीत वाहून गेली, नणंद हट्टानं दुसरीही सोडून आली, आणि परतीच्या बसमध्ये कंडक्टरच्या पायात तीच पहिली चप्पल! हे खरं असणं शक्यच नाही. पण ती सांगायची अशी की ऐकणाऱ्याला कंडक्टरचा चेहरा दिसावा.

"तर त्या मंगळवारी आम्ही पहाटे उठलो..." ती सुरू करायची.

"सोमवार," आतून किसनण्णा. "सोमवार होता ग. सोमवती अमावास्या. म्हणून तर गेलात."

"गप्प बसा हो! माझी गोष्ट आहे. मला मंगळवारच पाहिजे."

हे मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. तोच मंगळवार, तोच सोमवार, तेच गप्प बसा. दोघांपैकी कुणी एक इंच हललं नाही. गल्लीतली माणसं चपलेपेक्षा ह्याच भांडणासाठी थांबत असावीत असा मला दाट संशय आहे.

आमचं चौथं वर्ष चालू होतं तेव्हा पद्मक्काला एका सकाळी देवापाशी झटका आला. दवाखान्यातून ती दोन आठवड्यांनी परत आली. चालता येत होतं, हात चालत होता, माणसं ओळखत होती. देवाची कृपाच म्हणायची. फक्त शब्द जागेवर नव्हते. चहा हवा असला की ती ठणठणीत आवाजात सांगायची, "मला जिना दे." बसगाडीला उशी म्हणायची. जेवायला बसलं की, "छत्री छान झालीय." आपण चुकतोय हे तिला बोलल्यावर कळायचं, आणि मग तिचा चेहरा बघवायचा नाही.

आणि घरात हा लाल पेनवाला!

"जिना नव्हे ग. चहा. म्हण, चहा."

"ज... जिना."

"अय्यो, चहा! च, हा. परत म्हण."

वरून मला सगळं ऐकू यायचं. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता हो, उलट माया होती. ज्या माणसानं जन्मभर चुका दुरुस्त करून लोकांची लग्नं नीट लावली, त्याला बायकोवर उपचारही तसाच सुचणार. सकाळी दहा शब्द, दुपारी दहा, संध्याकाळी उजळणी. पद्मक्का हळूहळू कमी बोलू लागली. मग खुणा करू लागली. मग खुणाही थांबल्या. संध्याकाळी फाटकाशी कुणी उभं नसायचं. स्कूटरी न थांबता जायला लागल्या.

एक दिवस मी ऑफिसातून आले तर किसनण्णा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले. मला वर जायला वाट देईनात.

"त्या बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत ना," ते म्हणाले, "त्या ओरडल्या आज माझ्यावर. म्हणे, चूक काढायची नाही. काय वाटेल ते बोलू दे, पण बोलू दे. हे दिवस महत्त्वाचे. आता गप्प राहायची सवय लागली तर मग वाचा परत यायची नाही म्हणतात." थोडा वेळ ते आपल्या नखाकडे बघत बसले. छापखान्याच्या शाईनं ते नख कायमचं काळं झालेलं होतं. "वीणम्मा, झटक्यानं नाही ग. मीच गप्प केलं तिला."

मला भडभडून आलं. आणि त्यांचा रागही आला, खोटं का बोलू. दोन्ही एकदम आलं.

मी कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी कुणाचं कामात लक्ष नसतं, तेव्हा आम्ही एक फुकटचा खेळ खेळायचो. कॉम्प्युटर आधी गोष्ट दाखवत नाही. नुसतं मागत जातो: एक भाजी सांगा, एक वस्तू सांगा, एक जनावर, एक गाव. आपण मनाला येईल ते द्यायचं. मग तो ते शब्द गोष्टीतल्या रिकाम्या जागांत टाकतो आणि वाचून दाखवतो. आमचे साहेब एकदा पडवळावर बसून दिल्लीला गेले होते. त्या जिन्यात बसल्याबसल्या मला वाटलं, ह्या खेळात चुकीचा शब्द असूच शकत नाही. जितका चुकीचा तितका चांगला.

त्याच रविवारी मी खाली गेले आणि किसनण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो खेळ चढवला.

"फुकट?" त्यांनी संशयानं विचारलं. "फुकट म्हणजे चुका असणार."

आणि होत्याच. खेळातली एक इंग्रजी गोष्ट वाचून त्यांनी कागदावर सात चुका काढल्या. पण मग मी त्यांना दाखवलं की आपला मजकूरही घालता येतो, मराठीतसुद्धा, आणि हव्या तिथे रिकाम्या जागा सोडता येतात. किसनण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तर आमचं उभं मॅटर!" ते ओरडलेच.

छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांत जुळवून, बांधून तयार ठेवलेला असायचा. आमचे येथे श्रीकृपेकरून, चिरंजीव अमुक, यांचा शुभविवाह, तमुक यांची कन्या. नावांच्या जागा मोकळ्या. गिऱ्हाईक आलं की नावं बसवायची आणि छापायचं. मुंजीचं वेगळं, बारशाचं वेगळं, तेराव्याचं वेगळं. "चाळीस वर्षं मी हाच खेळ खेळलो की ग," किसनण्णा म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी आठवून आठवून सगळे मजकूर कॉम्प्युटरवर चढवले.

पहिल्या दिवशी पद्मक्का खुर्चीत पाठ करून बसली. हीही शिकवणीच असणार असं तिला वाटलं असावं. म्हणून आम्हीच खेळलो. मी, सुधीर आणि किसनण्णा. कुठलीही वस्तू? सुधीर म्हणाला, इस्त्री. एक भाजी? मी म्हटलं, भोपळा. मग किसनण्णांनी आपल्या खणखणीत आवाजात वाचलं:

"आमचे येथे श्रीकृपेकरून आमचा ज्येष्ठ सुपुत्र चिरंजीव भोपळा याचा शुभविवाह म्हैसूर येथील सुप्रसिद्ध व्यापारी श्री. टॉवेल यांची सुकन्या चि. सौ. कां. इस्त्री हिच्याशी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सर्वांनी म्हशीसह येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत."

पद्मक्काची पाठ हलायला लागली. मला आधी वाटलं रडतेय. मग ती वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर तोंडात कोंबलेला, आणि हसू काही थांबेना.

"आता एक वस्तू सांग," किसनण्णा तिला म्हणाले. आवाज अगदी हलका, जसा मी कधी ऐकला नव्हता.

पद्मक्कानं तोंडातला पदर काढला आणि डोळे पुसले.

"जिना," पद्मक्का म्हणाली.

किसनण्णांचं तोंड उघडलं. मी पाहिलं ते. चाळीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीत स्वतःचे दोन्ही ओठ गच्च धरले आणि डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं. जि. ना. मग ओठ सोडून वाचलं: "नवरदेवाची मिरवणूक जिन्यावर बसून निघेल." पद्मक्कानं टाळी वाजवली.

"परत!" ती म्हणाली. स्वच्छ, बिनचूक, परत.

त्यानंतर त्या घरात रोज दुपारी खेळ. प्रत्येक पान छापून काढायचं आणि किसनण्णांनी त्यावर लाल पेनानं 'मान्य' लिहून सही करायची, असा पद्मक्काचा हुकूम होता. त्या सहीशिवाय ती पान हातात घ्यायची नाही. ओठ धरायची मात्र त्यांना इतकी सवय लागली की बाजारात भाजीवाल्यानं चुकीचा भाव सांगितला तरी ते चिमटीत ओठ धरून उभे राहायचे. पद्मक्का आता घरात बोलत होती. शब्द अजून हवे तिथे बसत नव्हते, पण बोलत होती. फक्त घरात, आणि फक्त आमच्याशी. बाहेरचं कुणी आलं की पुन्हा कुलूप.

आणि मग दसऱ्याची पत्रिका आली.

म्हैसूरच्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. दसऱ्यात त्यांचा मेळावा असतो. छापखाना बंद झाला तरी पत्रिकेचा मजकूर किसनण्णाच करून द्यायचे आणि त्यांची सही असलेला कागद प्रेसवाला घरून घेऊन जायचा. त्यांच्या सहीनंतर कुणी काही तपासायचं नाही. कशाला तपासतील?

त्या दिवशी प्रेसवाला आला तेव्हा किसनण्णा अंघोळीला गेले होते. टेबलावर दोन कागद होते. एक खऱ्या पत्रिकेचा, त्यावर अजून सही व्हायची होती. दुसरा आदल्या दुपारच्या खेळाचा. मजकूर दसऱ्याच्या पत्रिकेचाच, शब्द पद्मक्काचे, आणि खाली लाल शाईत ठसठशीत 'मान्य', किसनण्णांच्या सहीसकट. प्रेसवाला कन्नड माणूस, मराठी वाचायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. त्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सहीचा कागद उचलला.

मंडळाच्या बायकांनी पत्रिकांना हळदकुंकू लावलं आणि घरोघर वाटल्या. त्यांनीही वाचल्या नाहीत. वाचल्या त्या ज्यांना मिळाल्या त्यांनी. पत्रिका अशी होती:

"दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर मंडळाचा स्नेहमेळावा योजिला आहे. प्रमुख पाहुणे श्री. दोडका यांच्या हस्ते उशीचे पूजन होईल. मंडळाचे अध्यक्ष श्री. पोळपाट हे आपल्या सुमधुर आवाजात म्हैस सादर करतील. तदनंतर सर्वांनी जिन्याचा आस्वाद घ्यावा. येताना छत्री खाऊन येऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांचं नाव दत्तोजीराव. धिप्पाड माणूस, आवाजही तसाच. "कॉम्प्युटरवालीला बोलवा" म्हणून मलाही खाली बोलावणं आलं. मी गेले तेव्हा ते पत्रिका नाचवत उभे होते आणि किसनण्णा खाली मान घालून बसले होते. ह्या माणसाची मान खाली गेलेली मी तोवर बघितली नव्हती.

"गावभर मला पोळपाट केलंत, अण्णा! फोनवर लोक विचारतायत, म्हैस कुठल्या रागात गाणार. बेडा! नको हा तमाशा मला. आजच्या आज शुद्धिपत्र काढायचं. आणि त्यात स्पष्ट लिहायचं की घरात आजारी माणूस आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याच्याकडून ही चूक झाली. म्हणजे विषय संपला."

किसनण्णांनी वर पाहिलं. "चूक माझी लिहा," ते म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर नाही लिहा. तिचं नको."

"तुमचं कोण खरं मानेल? तुमची चूक होते कधी? तिचंच लिहायला पाहिजे."

स्वयंपाकघराच्या दारात पद्मक्का उभी होती. सगळं ऐकत होती. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलेली बाई, आणि आता गावभर छापून जाणार की हिचं बोलणं म्हणजे खुळेपणा. ही आता जी मिटेल ती कायमचीच, असं मला वाटलं. किसनण्णांनाही तेच वाटलं असणार. ते तिच्याकडे बघत नव्हते, बघायची हिंमत नव्हती त्यांची.

"ए पोळपाट!" पद्मक्का म्हणाली.

दत्तोजीराव गर्रकन वळले.

"माझ्या घरात... माझ्या उशीत उभा राहून ओरडतोस? लहानपणी तुझं... तुझं दोडकं मी पुसलंय! शेंबडं दोडकं!" तिनं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. एकेक शब्द ती ओढून आणत होती आणि दमत होती, पण थांबत नव्हती. "हे माझं आहे. मी केलं. ह्यांनी नाही. माझं डोकं... छत्री आहे! चांगली छत्री आहे! काय छापायचं ते छाप. बस खाली. जिना घे."

मी किसनण्णांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरचे दोन्ही हात मांडीवरच होते. ओठ धरायची त्यांना गरजच पडली नव्हती. ते नुसते तिच्याकडे बघत होते.

दत्तोजीराव आणि पद्मक्का एकाच गल्लीत वाढलेले, हे मला मागून कळलं. झटका आल्यापासून त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. एवढा मोठा माणूस मटकन खुर्चीत बसला. पत्रिका मांडीवर ठेवली. मग खाली बघत, हळूच म्हणाला, "अक्का, माझ्या जिन्यात साखर कमी घाल. शुगर आहे मला."

पद्मक्का तरातरा आत गेली. भांड्याचा आवाज आला.

"मग शुद्धिपत्राचं काय करू?" किसनण्णांनी विचारलं.

दत्तोजीरावांनी पत्रिका पुढे केली. "तुम्हीच बघा, अण्णा."

किसनण्णांनी खिशातून लाल पेन काढलं. पत्रिका टेबलावर सरळ केली, दोन्ही कोपरे बोटांनी दाबले, आणि दोडका, उशी, पोळपाट, म्हैस, जिना, छत्री, प्रत्येक शब्दाखाली एकेक करून ठिपके दिले. घाई केली नाही. शेवटी मला म्हणाले, "आता दोनदा झाले, वीणम्मा." आणि रुमाल शोधायला लागले.

शुद्धिपत्र निघालं नाही. मेळाव्याला इतकी गर्दी लोटली की खुर्च्या शेजारच्या घरांतून आणाव्या लागल्या. ज्यांच्या मुलांना मराठीची दोन वाक्यं धड येत नव्हती तीही म्हैस ऐकायला आली होती. कुणीतरी खरोखर एक उशी आणून पाटावर ठेवली होती, हार घालून. दत्तोजीरावांनी म्हैस गायली. त्यांचा आवाज पाहता त्यांना दुसरं काही गाता येतही नव्हतं. सुधीर दसऱ्याच्या रात्रीची बन्नीमंटप मैदानावरची मशालींची कवायत सोडून ह्या मेळाव्याला आला होता, आणि घरी परतताना म्हणाला की इथंच जास्त मजा आली.

आणखी दीड वर्ष आम्ही त्या घरात होतो. पद्मक्काचे शब्द हळूहळू जागेवर येऊ लागले, सगळे नाही. चहाला चहा म्हणायला ती शिकली, पण मी आणि किसनण्णा अजून जिनाच म्हणायचो. ती आम्हाला हसायची. कधीतरी मी खेळ उघडून बसले की किसनण्णा सांगायचे, "फुकट आहे म्हणून इतका नको वापरू." एवढ्या दिवसांतही त्यांचा त्या फुकटावर विश्वास बसला नव्हता.

मग सुधीरची पुण्याला बदली झाली. सामान गाडीत चढलं. मी पाया पडायला खाली गेले तेव्हा किसनण्णांनी आमची लग्नपत्रिका मागून घेतली, आपण मारलेली रेघ नीट निरखली आणि परत दिली. "बुधवारच," म्हणाले. म्हातारा ह्या बाबतीत जराही हलला नव्हता.

संध्याकाळ होती. पद्मक्का फाटकाशी उभी होती. एक स्कूटरवाला स्कूटर बंद करून ऐकत होता, शेजारच्या दोघी पिशव्या हातात घेऊन थांबल्या होत्या. आमची गाडी सुरू झाली आणि मी काच खाली केली. ती नरसीपूरची गोष्ट सांगत होती. अडखळत, मध्येच थांबून हातानं हवेत शब्द शोधत. चपलेची वाटी झाली होती, पण ती वाहून मात्र कावेरीतच जात होती.

"तर त्या... त्या सोमवारी आम्ही पहाटे उठलो..."

मी ऐकतच राहिले. सोमवार! जन्मभर मंगळवारवर अडून बसलेली बाई सोमवार म्हणाली होती. किसनण्णा तिच्या मागे पायरीवर बसले होते. त्यांना किती आनंद व्हायला हवा होता! त्यांनी डोळे मिटले नाहीत, अंगठा पेरांवरून फिरवला नाही. नुसतं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सोमवार नव्हे ग. मंगळवार होता."

पद्मक्का कमरेवर हात ठेवून गर्रकन वळली.

"गप्प बसा हो!" ती म्हणाली. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "माझी गोष्ट आहे. मला सोमवारच पाहिजे!"

स्कूटरवाला हसला, शेजारणी हसल्या. किसनण्णांनी हात जोडले, चूक कबूल म्हणून मान डोलावली, आणि गाडी वळेपर्यंत ते तसेच हात जोडून, तोंडभर हसत पायरीवर बसलेले मला दिसत होते.